मुळातून घडलेला सोटा: वाबानाकी काष्ठकलेच्या दोन शतकांचा मागोवा

अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडच्या जुन्या संग्रहांत आणि लिलावांच्या याद्यांत एक लाकडी सोटा वारंवार भेटतो. एका टोकाला नक्षीदार मूठ आणि दुसऱ्या टोकाला मुळांचे गाठोडे. गाठोड्यातून फुटलेल्या मुळांची टोके कुठे अणकुचीदार तासलेली असतात, तर कुठे त्यांतून पक्ष्याची चोच, जनावराचे तोंड किंवा माणसाचा चेहरा बाहेर आलेला असतो. शेजारच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘इंडियन लढाईचा सोटा’ एवढेच लिहिलेले असते. तो कोणत्या जमातीचा, कोणत्या गावचा, कोणत्या हातचा, याचा पत्ता नसतो. ही चिठ्ठी कशी तयार झाली आणि आता ती कशी बदलते आहे, हे पाहायचे तर निदान 1755 सालापर्यंत मागे जावे लागते.

वाबानाकी म्हणजे पहाटेच्या भूमीतले लोक. उत्तर अमेरिका खंडाच्या उगवतीकडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या पेनॉब्स्कॉट, पासामाक्वॉडी, मॅलिसीट, मिकमॅक आणि अबेनाकी या जमातींचे हे सामाईक नाव. आजचे मेन राज्य, कॅनडाचे न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया, क्वेबेकचा काही भाग, व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशर हा त्यांचा मुलूख. मुळांच्या सोट्यांचे नाव सर्वांत जास्त जोडले गेले ते पेनॉब्स्कॉट लोकांशी. मेनमधल्या ओल्ड टाउन गावासमोर, पेनॉब्स्कॉट नदीच्या पात्रातल्या इंडियन आयलंड या बेटावर त्यांची मुख्य वस्ती आहे. 1950 साली पूल बांधला जाईपर्यंत तिथे नावेतून जावे लागे.

सोटा ओळखायचा तर आधी झाड ओळखावे लागते. आपल्याला पोथ्यांमुळे भूर्जवृक्ष ठाऊक आहे. त्याच कुळातला करडा बर्च मेनमध्ये पडीक, जळीत आणि निकस जमिनीवर सर्वांत आधी उगवतो. त्याचे कोवळे झाड मुळासकट उपटतात आणि उलटे धरतात. खोडाची मूठ होते आणि जमिनीत दडलेला मुळांचा गड्डा डोके होतो. म्हणजे सोट्याला जोड कुठेच नसतो. मुठीतून निघालेला लाकडाचा तंतू न तुटता डोक्यात शिरतो आणि तिथून एकेका मुळात फाकतो. खऱ्या मूळ-सोट्याची पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण हीच. डोके वेगळे कोरून दांड्यावर बसवलेले असेल किंवा खिळे ठोकून काटे उभे केलेले असतील, तर ती वस्तू दुसऱ्याच कुठल्या परंपरेतली आहे.

झाडाला किती मुळे फुटावीत आणि ती कोणत्या दिशेला वळावीत, हे कारागिराच्या हातात नसते. म्हणून दोन सोटे कधीच सारखे निघत नाहीत. मुळांच्या वळणात आधीच काय दडले आहे ते पाहणे, हे या कलेतले निम्मे काम. एखादे मूळ वर वळून पुन्हा खाली आलेले दिसले की त्यात गरुडाची मान दिसते. जाड आणि आखूड मुळात अस्वल दिसते. गड्ड्याच्या मधल्या फुगीर भागावर बहुधा माणसाचा चेहरा येतो. जे रूप मुळातच नाही ते बळजबरीने कोरले, तर तंतू आडवा कापला जाऊन लाकूड तिथे कमजोर होते. त्यामुळे चांगल्या सोट्यावरचे प्राणी लाकडाच्या ओघातच चालतात. नकली किंवा घाईघाईने केलेल्या सोट्यात हाच ओघ तुटलेला दिसतो, आणि थोडी नजर बसली की ते लगेच कळते.

हत्यार म्हणजे वाकड्या पात्याची सुरी. पाते बहुधा जुन्या कानशीपासून घडवलेले, आणि मूठ अंगठ्याला आधार मिळेल अशी कोरलेली. ती एका हातात धरून स्वतःकडे ओढत चालवतात. त्यामुळे लाकडावर उथळ आणि किंचित खोलगट पट्टे उठतात. मुठीवरचे खाचकाम वेगळे असते. सुरीच्या टोकाने त्रिकोणी टवके काढून त्रिकोणांच्या ओळी, जाळी आणि चौकटी तयार करतात. काही सोट्यांवर दुहेरी वळणाची वेल असते, एकमेकींकडे पाठ किंवा तोंड केलेल्या दोन वेलांट्यांची. फ्रँक स्पेक या मानववंशशास्त्रज्ञाने 1914 मध्ये या आकृतीवर स्वतंत्र निबंध लिहिला. पेनॉब्स्कॉट लोकांत तिचा अर्थ आधी माणसामाणसांतल्या आणि जमातींमधल्या बांधिलकीचा म्हणून नोंदला गेला, आणि पुढे औषधी वनस्पतींचाही. मात्र टवक्यांचे खाचकाम युरोपातल्या खेड्यांतही चाले. म्हणून केवळ मुठीची नक्षी पाहून निर्णय करणारा फसतो. झाड, मुळे, सुरीचे पट्टे आणि नक्षी ही चारही एकत्र जमली पाहिजेत.

मेनची माती आम्लधर्मी आहे आणि तिच्यात लाकूड टिकत नाही. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीचे सोटे उत्खननात मिळण्याची आशा फारशी नाही. आज संग्रहांत दिसणारे बहुतेक सोटे 19 व्या शतकाच्या मध्यानंतरचे आहेत. एवढ्यावरून अनेक अभ्यासकांनी ही सारी कला पर्यटकांसाठी निर्माण झालेली आणि म्हणून ‘अस्सल नसलेली’ असा शेरा मारला. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. का, ते त्या काळाकडे पाहिल्यावर कळते.

3 नोव्हेंबर 1755 रोजी मॅसॅच्युसेट्सचा उपराज्यपाल स्पेन्सर फिप्स याने पेनॉब्स्कॉट लोकांविरुद्ध जाहीरनामा काढला. 12 वर्षांवरील पुरुषाला जिवंत धरून आणले तर 50 पौंड, त्याच्या डोक्याची कातडी आणली तर 40 पौंड. बाईच्या किंवा 12 वर्षांखालील मुलाच्या डोक्याच्या कातडीला 20 पौंड. हा सरकारी दर होता, छापून वाटलेला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत याच मॅसॅच्युसेट्समधले सुखवस्तू लोक उन्हाळ्यात उत्तरेकडे हवापालटाला जाऊ लागले आणि परतताना त्याच जमातीच्या हातचा ‘लढाईचा सोटा’ दिवाणखान्यात टांगायला नेऊ लागले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय या वस्तूचे वजन कळत नाही.

मधल्या काळात वाबानाकींच्या हातून जमीन गेली. 1796 मध्ये मॅसॅच्युसेट्सशी आणि 1818 मध्ये पुन्हा झालेल्या तहांनी पेनॉब्स्कॉटांचा मुलूख आक्रसला. 1820 मध्ये मेन मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे राज्य झाले आणि 1833 मध्ये त्याने उरलेल्या चार मोठ्या क्षेत्रांवरही ताबा मिळवला. नदीकाठी लाकडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. मग शिकारीचे कायदे आले. 1892 मध्ये ‘राज्य विरुद्ध न्यूएल’ या खटल्यात मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने पासामाक्वॉडी माणसाचा तहावर आधारलेला शिकारीचा हक्क नाकारला. ही आता जमातच उरलेली नाही, असे त्या निकालाचे म्हणणे. जमीन नाही, शिकार नाही. पुरुषांनी नदीतून ओंडके वाहून नेण्याचे आणि पाहुण्यांना जंगल दाखवण्याचे काम धरले, बायकांनी टोपल्या विणल्या, आणि हिवाळ्यात घरात बसून कोरलेले सोटे उन्हाळ्यात विकायला निघाले.

ते विकले जात ते मुख्यतः समुद्रकाठी. माउंट डेझर्ट बेटावरच्या बार हार्बर गावात आगबोटींनी येणाऱ्या श्रीमंतांची गर्दी वाढली, तशी पासामाक्वॉडी आणि पेनॉब्स्कॉट कुटुंबेही तिथे उन्हाळी मुक्काम टाकू लागली. टोपल्या, भूर्जसालीच्या पेट्या, सीलच्या कातड्याच्या वस्तू, सोटे अशी विक्री चाले. हॉटेले वाढली तसे हे मुक्काम किनाऱ्यावरून मागे सरकवले गेले, पण विक्री थांबली नाही. न्यू हॅम्पशरमधल्या इंटरव्हेल इथे जोसेफ लॉरेंट या अबेनाकी नायकाने 1884 मध्ये असाच मुक्काम सुरू केला. त्याच वर्षी त्याने आपल्या भाषेचे पुस्तकही छापले. विक्री आणि भाषारक्षण ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच वर्षी हाती घेतली, हे ‘पर्यटकांसाठी केलेले म्हणून खोटे’ म्हणणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे.

या काळातल्या सोट्यांवर गिऱ्हाइकाच्या अपेक्षेची छाप दिसते, हे खरे. लाल, काळा, हिरवा बाजारी रंग, वर रोगणाचा हात. मुळाच्या टोकावरच्या माणसाच्या डोक्यावर पिसांचा लांब मुकुट. वाबानाकी लोक असा मुकुट घालत नसत. तो हजारो मैल पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचा. पण खेळ-तमाशांतून आणि पुढे सिनेमातून ‘इंडियन’ म्हणजे पिसांचा मुकुट असे चित्र पक्के झाले होते. गिऱ्हाईक तेच शोधत यायचे. पेनॉब्स्कॉट गायिका लुसी निकोलर हिचे उदाहरण बोलके आहे. जमातीच्या कथा-परंपरांवर 1893 मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या जोसेफ निकोलरची ही मुलगी. ‘प्रिन्सेस वाटाहवासो’ या नावाने देशभर कार्यक्रम करून ती बेटावर परतली. नवरा ब्रूस पूलॉ हा मैदानी कायोवा जमातीचा. दोघांनी 1940 च्या दशकात इंडियन आयलंडवर तंबूच्या आकाराचे दुकान उभारले. मैदानी तंबूचा वाबानाकी घराशी संबंध नव्हता, पण गाडीतून येणाऱ्या पाहुण्याला तो लांबून दिसायचा आणि बेटावरच्या कारागिरांचा माल त्यातून खपायचा.

म्हणून मुकुट पाहून सोटा मैदानी जमातीचा ठरवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सरसकट होणारी चूक. उलट मुळाच्या टोकावर मुकुटधारी चेहरा असणे ही 19 व्या शतकाच्या उत्तरार्धानंतरच्या वाबानाकी कामाचीच एक खूण मानायला हवी.

दुसरा गोंधळ होतो तो गोल डोक्याच्या सोट्याशी. हाउदेनोसौनी, म्हणजे इरोक्वॉय, आणि महासरोवरांकडच्या जमाती कठीण लाकडातून चपट्या, किंचित वाकलेल्या दांड्याचा आणि चेंडूएवढ्या गोल डोक्याचा सोटा एकसंध कोरत. त्यात मुळांचा संबंध नसतो. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रूटलँड्स संग्रहालयातला, वाम्पानोआग नेता मेटाकॉम याचा म्हणून दाखवला जाणारा सोटा याच गोल डोक्याच्या जातीचा. तो 1970 मध्ये चोरीला गेला आणि 1995 मध्ये परत मिळाला. तिसरी जात बंदुकीच्या दस्त्यासारख्या कोनात वळलेल्या चपट्या सोट्याची. तीही वेगळी. खरी फसगत मात्र फार दूरच्या वस्तूने होऊ शकते. फिजी बेटांवरचा ‘वुनिकाऊ’ हा सोटाही उपटलेल्या कोवळ्या झाडाचा आणि मुळाच्या डोक्याचाच. पण त्याचे लाकूड जड असते, मुळे आखूड छाटून गाठी ठेवलेल्या असतात आणि टोकांवर प्राण्यांचे चेहरे नसतात. लाकूड आणि टोके नीट पाहिली की पॅसिफिक आणि मेन वेगळे होतात.

20 व्या शतकाच्या मध्यावर हा धंदा ओसरत गेला. संग्रहालयांनाही सोट्यांत रस नव्हता. स्पेकचा ‘पेनॉब्स्कॉट मॅन’ हा मोठा ग्रंथ 1940 मध्ये आला, पण त्या पिढीतल्या अभ्यासकांचा ओढा जुन्या, ‘शुद्ध’ जीवनाकडे होता. विक्रीसाठी केलेली वस्तू त्यांना दुय्यम वाटे. त्यामुळे कोणत्या घरातल्या कोणत्या माणसाने कोणता सोटा कोरला, हे विचारून लिहून ठेवायची वेळ निघून गेली. या कलेचे सर्वांत मोठे नुकसान मी हेच मानतो. घेणाऱ्याचे नाव, खरेदीचे गाव, कधी कधी खरेदीचे वर्षही सोट्यावर सापडते, पण करणाऱ्याचे नाही.

परंपरा टिकवली ती इंडियन आयलंडवरच्या मोजक्या कारागिरांनी. सेनाबेह या नावाने ओळखले जाणारे पेनॉब्स्कॉट कारागीर सोटे कोरत राहिले आणि त्यांच्याकडून 1970 च्या दशकात स्टॅन नेपच्यून शिकले. नेपच्यून कोरण्यावर थांबले नाहीत. त्यांनी जुने सोटे शोधले, एकमेकांशी ताडून पाहिले, त्यांचा इतिहास मांडला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. सोट्याकडे पाहणारी नजर पहिल्यांदा त्याच सुरीने काम करणाऱ्या माणसाची होती. गड्डा पाहून झाड कुठल्या जमिनीतले असेल आणि मूळ कुठून वळवले असेल, हे असा माणूस सांगू शकतो, फडताळाबाहेरून पाहणाऱ्याला ते सांगता येत नाही.

याच काळात बाकीचेही बदलत होते. मेनमधल्या आदिवासींना राज्याच्या निवडणुकांत मतदानाचा हक्क 1967 मध्ये मिळाला. जमिनीच्या जुन्या दाव्यांचा निवाडा करणारा कायदा 1980 मध्ये झाला आणि त्यात 8 कोटी 15 लाख डॉलर ठरले. 1990 मध्ये आदिवासी नसलेल्याने केलेली वस्तू आदिवासी हातची म्हणून विकणे हा देशभर गुन्हा ठरवणारा कायदा आला. नव्या सोट्यांना त्याचा आधार मिळाला. जुन्यांचे काम मात्र अजून हातानेच करायचे आहे: एकेक सोटा काढायचा, सुरीच्या सवयी पाहायच्या, एकाच हातचे दोन-तीन सोटे जुळवायचे आणि चिठ्ठी दुरुस्त करायची.

बॉस्टन-न्यूयॉर्ककडची मराठी मंडळी उन्हाळ्यात अकेडिया राष्ट्रीय उद्यान पाहायला बार हार्बरला जातात. कॅडिलॅक डोंगरावरचा सूर्योदय पाहून झाला की खाली गावातले अ‍ॅबे संग्रहालय चुकवू नका. 1928 पासून ते चालू आहे आणि वाबानाकी लोकांनाच वाहिलेले आहे. ओरोनोमधल्या मेन विद्यापीठाचे हडसन संग्रहालय ओल्ड टाउनपासून अगदी जवळ आहे आणि तिथे डिसेंबरात वाबानाकी कारागिरांची विक्री भरते. सोटा पाहिलात तर मूठ नव्हे, आधी मुळे पाहा. विकत घेणार असाल तर कारागिराकडूनच घ्या, त्याचे नाव, जमात आणि वर्ष त्याच्याच अक्षरात लिहून मागा आणि तो कागद सोट्यासोबत जपून ठेवा.