छपरातून झिरपणारा धूर

घराच्या दाराबाहेर, बर्फात, स्वयंपाकघरातल्या दोन साध्या खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यांवर एक शवपेटी टेकवली आहे. भोवती काळ्या कपड्यांतली माणसं उभी आहेत, पाद्री प्रार्थना म्हणतो आहे. जेम्स गथ्री या स्कॉटिश चित्रकाराने हे चित्र 1881-82 मध्ये रंगवलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आज ते ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात आहे. उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाच्या, म्हणजे हायलँड्सच्या उंबरठ्यावर, ट्रॉसॅक्सच्या मुलखात ब्रिग ओ'टर्क नावाचं गाव आहे. गथ्री तिथे मुक्कामाला असताना एक मुलगा बुडून गेला. चित्रातला शेवटचा निरोप त्याचा आहे.

गथ्रीने चित्रकलेचं रीतसर शिक्षण असं फारसं घेतलेलं नव्हतं. पण त्या खुर्च्या त्याला दिसल्या. ज्यांवर बसून मुलगा जेवत असेल, त्याच आता त्याला तोलून धरतात. मागच्या त्या ठेंगण्या घराबद्दल आणखी काही सांगायची गरजच उरत नाही.

या ठेंगण्या, काळोख्या घरांकडे स्कॉटलंडचे चित्रकार पिढ्यान् पिढ्या वळत राहिले. भोवती दऱ्या, सरोवरं, ढगांत शिरलेली शिखरं असा ऐवज पसरलेला असताना त्यांना हे दगडमातीचे उंचवटे का खुणावत राहिले? मला वाटतं, याचं अर्धं उत्तर चित्रांत सापडतं आणि अर्धं घराच्या भिंतीत.

म्हणून आधी भिंत पाहू. हायलँड्समध्ये सगळीकडे एकाच घडणीची घरं नव्हती, पण सर्वांत नवलाची घडण पाहायची तर वायव्येला समुद्रात असलेल्या लुईस बेटावर जावं लागतं. तिथल्या घराला गेलिक भाषेत 'ताय दू' म्हणतात, म्हणजे काळं घर. त्याची भिंत एक नसते, दोन असतात. कोकणातल्या गडग्यासारखे चुन्याशिवाय नुसते रचलेले दगड, अशा दोन ओळी, आणि त्यांच्यामध्ये ठासून भरलेली माती. सगळी मिळून जाडी दीड-दोन मीटरच्या घरात जाते. छप्पर टेकतं ते आतल्या भिंतीवर. आपल्याकडे म्हण आहे, आढ्याचं पाणी वळचणीला. या घराला वळचणच नाही! छपरावरून उतरलेलं पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पोटातल्या मातीत मुरतं. ऐकताना हा वेडेपणा वाटतो, पण ओल धरलेली माती फटी बुजवून टाकते आणि अटलांटिकवरून येणारा वारा तिथेच अडतो. शिवाय वाऱ्याने उचलून धरावी अशी पुढे आलेली कड छपराला कुठेच नाही. घराचे कोपरेसुद्धा गोलसर, म्हणजे वारा घराला घासून निघून जातो. भिंतीच्या रुंद माथ्यावर गवत उगवतं, आणि तिथे चढून चरणाऱ्या मेंढ्या ही काही अपूर्वाई नव्हती.

आत गेलं की जमिनीवर मधोमध आगटी. जळण पीटचं. दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हा थर विटांसारखा कापायचा, वाळवायचा आणि जाळायचा. धुराडं नाही. धूर वर चढतो, आढ्याखाली साचतो आणि गवती छपरातून हळूहळू झिरपत बाहेर पडतो. डोळे चुरचुरत असणारच. पण हाच धूर किड्यांना दूर ठेवी आणि वर टांगलेले मासे टिकवी. काजळीने भारलेलं छप्पर उतरवलं की ते शेतात खत म्हणून पसरायचं आणि घर नव्याने शाकारायचं. त्याच छपराखाली एका टोकाला गुरं बांधलेली, त्यांच्या अंगाची ऊब माणसांना. रात्री विस्तव राखेखाली झाकायचा, त्या वेळी म्हणायच्या प्रार्थनाही ठरलेल्या होत्या. सकाळी राख सारली की निखारा जिवंत. चूल विझू द्यायची नाही, हा घराचा नेम होता.

आता हेच घर चित्रकाराच्या नजरेने पाहा. भिंतीचा दगड त्याच माळावरचा, माती तिथलीच, छपराचं गवत शेजारच्या शेतातलं, ते दाबून धरणारे दोर रानातल्या हेदरच्या झुडपांचे आणि दोरांना लोंबणारी वजनं म्हणजे पुन्हा दगडच. त्यामुळे डोंगराचा रंग तोच घराचा रंग. लुईस बेट साधारण 58 अंश उत्तरेला आहे. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम आठ अंश वर येतो. अशा आडव्या उन्हात प्रत्येक दगडाची सावली लांबते. मग घर कुठे संपलं आणि टेकडी कुठे सुरू झाली, हे सांगणारी खूण एकच उरते: धूर.

घराच्या आतही चित्रं होतीच. 1803 मध्ये इंग्रज लेखिका डोरोथी वर्ड्‌स्वर्थ आपल्या कवी भावाबरोबर स्कॉटलंडमध्ये फिरत असताना लॉक कॅट्रिन सरोवराकाठी एका नावाड्याच्या झोपडीत मुक्कामाला राहिली. रात्री पडल्या पडल्या ती आगीच्या उजेडात चमकणारे, धुराने काळे तुळतुळीत झालेले वासे पाहत राहिली, आणि पुढे तिने त्याचं वर्णन मोठ्या प्रेमाने लिहिलं. ज्याला आपण कोंदट म्हणू, ते तिला झळाळतं दिसलं. डेव्हिड विल्की हा फाइफ परगण्यातल्या पाद्र्याचा मुलगा. जुन्या डच चित्रकारांनी रंगवलेली शेतकऱ्यांची घरं त्याच्या आवडीची होती, आणि त्याने 1824 मध्ये 'हायलँड कुटुंब' रंगवलं. पाठोपाठ लंडनचा एडविन लँडसियर आला. त्याच्या 'हायलँडमधली न्याहारी' या चित्रात आई तान्ह्या बाळाला पाजते आहे आणि तिच्यासमोर कुत्री टोपातलं खाताहेत. चित्र मायेने ओथंबलेलं आहे. तरीही ते पाहताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्या काळात अशा घरांचं काय चाललं होतं ते त्यात कुठेच नाही.

घरं रिकामी केली जात होती. जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसू लागला होता, आणि खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली कुळं उठवली जात होती. 1814 मध्ये सदरलँड परगण्यातल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांना आग लावली गेली. इथे घराची घडण पुन्हा आठवायला हवी. दगड कुठेही मिळतो, मातीही मिळते. पण त्या उघड्या मुलखात लाकूड दुर्मीळ. बेटांवर तर वासे वाहून आलेल्या लाकडांतून जमवलेले. म्हणून घर सोडताना लोक छपराची लाकडं बरोबर नेत. ती लाकडं जाळली की माणसाला पुन्हा घर उभं करता येत नाही. घर उठवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

हे कळल्यावर होरेशियो मॅककुलॉकचं 1864 मधलं 'ग्लेन्को' वेगळं दिसू लागतं. प्रचंड डोंगर, खाली उतरलेले ढग, पुढे हरणं, आणि माणसाचा मागमूस नाही. लंडन-एडिंबरोच्या दिवाणखान्यांत अशी चित्रं निसर्गाचं अस्पर्श रूप म्हणून टांगली गेली. पण हायलँड्सच्या कितीतरी खोऱ्यांतली ती शांतता निसर्गाने दिलेली नव्हती, माणसांनी घडवून आणलेली होती.

त्या निघून गेलेल्या माणसांची दोन चित्रं मला शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिलं टॉमस फेडचं 'कुळातला शेवटचा', 1865 सालचं. धक्क्यावर मागे राहिलेली माणसं, त्यांत तट्टावर बसलेला खचलेला म्हातारा. ते सगळे आपल्याकडे बघताहेत. थोडा वेळ गेला की अंगावर काटा येतो, कारण आपण कुठे उभे आहोत ते लक्षात येतं. आपण जहाजावर आहोत आणि जहाज सुटतंय.

दुसरं विल्यम मॅकटॅगर्टचं 'परदेशी निघालेलं जहाज', 1895 सालचं. मॅकटॅगर्ट हा किन्टायर द्वीपकल्पातल्या छोट्या कुळाचा मुलगा. अशा घरांकडे तो पाहुणा म्हणून आला नव्हता, तिथूनच आला होता. फेडने आपल्याला जहाजावर चढवलं, मॅकटॅगर्ट किनाऱ्यावर ठेवतो. जहाज दूर, पुसट. किनाऱ्यावरची माणसं खडक, फेस आणि वाळू यांच्यात अशी मिसळलेली की ती शोधावी लागतात. ज्या मातीत घरं मिसळून गेली होती, तिच्यातच आता माणसं विरघळताहेत. माझा कौल मॅकटॅगर्टला आहे. फेड रडवतो, पण मॅकटॅगर्टला नाहीसं होणं म्हणजे काय ते रंगवता आलं.

1886 मध्ये कायदा झाला आणि या छोट्या कुळांना जमिनीवरून मनमानी उठवण्यापासून संरक्षण मिळालं. हळूहळू धुराड्याची, चुना दिलेली पांढरी घरं वाढली. चित्रकार फ्रान्सिस कॅडेल 1912 मध्ये आयोना बेटावर पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला भेटली ती ही घरं. पुढे जवळजवळ दर उन्हाळ्यात तो तिथे जाई, 1920 पासून सॅम्युएल पेप्लोही. शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू, तिच्यावरून परतणारा उजेड, पाचूसारखा समुद्र, आणि मध्ये एखादं पांढरं घर. कॅडेल रंगातलं तेल शोषून घेणाऱ्या पांढऱ्या अस्तरावर रंगवी आणि चित्राच्या पाठीवर ताकीद लिही: याला कधीही व्हार्निश लावू नये. त्यामुळे त्याचा रंग चुना दिलेल्या भिंतीसारखा कोरडा आणि उजळ राहिला.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, जरी तिचं गाव हायलँड्समध्ये मोडत नाही. जोन अर्डली ईशान्य किनाऱ्यावरच्या कॅटरलाइनला, कड्यावरच्या कोळ्यांच्या घरांच्या ओळीत राहिली. वीज नाही, नळ नाही. वादळात ती कॅनव्हास दोरांनी बांधून उघड्यावर उभी राही. तिच्या शेतांच्या चित्रांजवळ जाऊन पाहिलं तर रंगात खरं गवत आणि गवताचं बी रुतलेलं दिसतं. मातीची घरं रंगवता रंगवता चित्रच मातीचं झालं! 1963 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिची राख कॅटरलाइनच्याच किनाऱ्यावर विखुरली.

लुईसवरच्या आर्नोल गावात 42 क्रमांकाचं काळं घर आहे. त्यात 1966 पर्यंत माणसं राहत होती. पुढे त्याचं संग्रहालय झालं, पण आतली पीटची आगटी पेटती ठेवण्याची रीत चालू राहिली, कारण धुराशिवाय ते छप्पर टिकत नाही. हायलँड्सचं कुठलंही चित्र समोर आलं तर डोंगर नंतर पाहा. आधी छप्पर शोधा, आणि त्यातून धूर निघतोय का ते बघा.