अरबी समुद्राचे हिरवे हंगाम

समुद्राचा रंग निळा, असें शाळेच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें आणि मुलेंहि नकाशांत तो निळाच रंगवितात. परंतु मुंबई, रत्नागिरी किंवा गोवें येथील किनाऱ्यावर बारा महिने राहणारा मनुष्य हें विधान जसेंच्या तसें मान्य करणार नाहीं. त्याला समुद्र कधीं मातकट दिसतो, कधीं हिरवट. आणि चैत्र-वैशाखांत क्वचित् लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे अंगावर घेतलेलाहि दिसतो. मातकटपणा नद्यांच्या गाळाचा. पण हिरवा व तपकिरी रंग बहुधा जिवंत असतो.

हा रंग ज्यांचा, त्या तरंगत्या एकपेशी वनस्पतींना शास्त्रज्ञ फायटोप्लँक्टन म्हणतात; मराठींत वनस्पति-प्लवक हें नांव रूढ झालें आहे. त्यांना मूळ नाहीं, खोड नाहीं. प्रवाह नेईल तिकडे जावयाचें. तरीहि पृथ्वीवरील सर्व वनस्पति मिळून सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें जेवढें अन्न तयार करतात, त्यांत जवळजवळ निम्मा वाटा या सूक्ष्म प्रजेचा आहे. तारली, बांगडा आणि त्यांना खाणारे मोठे मासे हे सर्व शेवटीं याच अन्नावर पोसले जातात.

शेतीला ऊन हवें आणि खतहि हवें. जमिनीवर हीं दोन्ही एके ठिकाणीं मिळतात. समुद्रांत मात्र मोठी अडचण आहे. ऊन वरून येतें आणि खत खालीं असतें. स्वच्छ पाण्यांतहि पुरेसा प्रकाश सुमारें १०० मीटरपर्यंतच पोहोंचतो. मेलेले जीव त्याच्याहि खालीं बुडतात, तेथें कुजतात, आणि नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट हे क्षार खोल अंधारांत सांठत राहतात. आल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञानें १९३४ सालीं दाखवून दिलें कीं, प्लवकांच्या शरीरांतील नायट्रोजन व फॉस्फरस यांचें जें परस्पर प्रमाण असतें, जवळजवळ तेंच खोल पाण्यांतील क्षारांतहि आढळतें. ही देवघेव किती जुनी असेल, याची त्यावरून कल्पना येते. तेव्हां हें खत वर आणून देतो कोण, हाच खरा प्रश्न. आणि अरबी समुद्रांत त्याचें उत्तर वारा हें आहे.

एप्रिल-मे महिन्यांत वारा मंद असतो. वरचें पाणी तापून हलकें होतें आणि झांकणासारखें खालच्या थंड पाण्यावर बसतें. खत संपतें. अशा दुष्काळांत ट्रायकोडेस्मियम नांवाचा नीलहरित जीव तग धरतो, कारण तो द्विदल पिकांच्या मुळांवरील जंतूंप्रमाणें हवेंतील नायट्रोजनच वापरूं शकतो. वर सांगितलेले भुशासारखे पट्टे त्याचेच. दर्यावर्दी लोकांनींहि त्याला समुद्राचा भुसा असें नांव दिलें होतें, आणि तें अगदीं चपखल आहे.

जूनमध्यें नैर्ऋत्य मोसमी वारा सुटतो आणि सर्व चित्र पालटतें. सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यालगत तो किनाऱ्याशीं समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळें पृष्ठभागावरील पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, लोटलें जातें आणि त्याची जागा भरण्यास खालचें थंड, खतयुक्त पाणी वर येतें. केरळच्या किनाऱ्यावरहि हेंच घडतें. या समृद्धीचा फायदा सर्वांत आधीं घेतात ते डायाटम. त्यांचें कवच सिलिकाचें, झांकणाच्या डबीसारखें असतें. म्हणून त्यांना करंडक वनस्पति असेंहि म्हणतात. खत व सिलिकेट मिळतांच ते झपाट्यानें वाढतात. फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका या डायाटमची विपुलता ही तारलीच्या विपुलतेची खूण होय, असें १९५५ सालींच भारतीय शास्त्रज्ञांनीं नोंदवून ठेवलें आहे.

कोंकण व गोव्यापुढें मात्र निराळा प्रकार होतो. तेथेंहि खालचें पाणी किनाऱ्याकडे सरकतें. परंतु सह्याद्रीवरील पाऊस व नद्या यांचें गोडें पाणी ५ ते १० मीटर जाडीचा थर करून वर पसरतें. गोडें पाणी हलकें. तें पुन्हां झांकणच होतें. खालच्या थरांत प्राणवायु मुळांतच कमी असतो. त्यांत वरून बुडणारे प्लवक कुजूं लागले म्हणजे उरलासुरलाहि संपतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तळाजवळचें पाणी माशांना राहण्यालायक उरत नाहीं. नारळी पौर्णिमेला होड्या लोटणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यांत काय येईल, हें या अदृश्य झांकणावरहि अवलंबून असतें.

हिंवाळ्यांत उत्तरेकडील अरबी समुद्रावर जमिनीवरून थंड, कोरडे वारे येतात. बाष्पीभवनानें वरचें पाणी थंड व जड होऊन खालीं बुडतें, सुमारें १०० मीटरपर्यंत घुसळण होते आणि खत पुन्हां वर येतें. हा हंगाम पूर्वीं डायाटमांचा असे. सन २००० नंतर मात्र तेथें फेब्रुवारीच्या सुमारास हिरव्या नॉक्टिल्युकेचे विस्तीर्ण थर दिसूं लागले. ही मोठी चमत्कारिक प्रजा आहे. ती डायाटमांना खाते, आणि पोटांत हिरवे सूक्ष्म जीव बाळगून त्यांच्याकडूनहि अन्न करवून घेते. म्हणजे शेतकरीहि तीच आणि चोरहि तीच. कोंकणच्या किनाऱ्यावर कांहीं रात्रीं लाटा फुटतांना निळसर उजळतात, तो बहुधा नॉक्टिल्युकेचाच प्रताप. पण तिला खाणारे मुख्यतः साल्प व जेलीफिशसारखे प्राणी. माशांना तिचा विशेष उपयोग नाहीं.

ती वाढली कां? कमी प्राणवायूचें पाणी वर येऊं लागलें व तिच्या पोटांतील हिरव्या जीवांना तें मानवलें, असें हेल्गा गोम्स व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं मांडलें. २०१८ सालीं भारतीय शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका गटानें, प्राणवायु भरपूर असलेल्या पाण्यांतहि ती फोफावलेली आढळली, असें दाखविलें. वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि घाईनें मिटवूंहि नये.

१९६६ सालीं स्थापन झालेली व आतां गोव्यांत दोनापावला येथें असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हीं निरीक्षणें करीत आली आहे. १९९९ पासून भारताचे ओशनसॅट उपग्रह समुद्राचा रंग मोजतात, आणि त्यावरून हैदराबादची एक सरकारी संस्था मच्छीमारांना मासे कोठें मिळण्याचा संभव आहे तें कळविते. परंतु पावसाळ्यांत ढगांआडून उपग्रहाला समुद्राचा रंग दिसत नाहीं. त्यामुळें खत सर्वांत अधिक वर येतें त्याच महिन्यांचा हिशेब बहुतांशीं नौकांवरून बाटल्या खोल सोडून व तरंगत्या यंत्रांवरूनच करावा लागतो.