पाण्याचा ताळेबंद मांडणारी पोरं



आपल्या गटातली कितीतरी पोरं नोकरीधंद्यानिमित्त पनवेल, कामोठे, खारघरला राहतात. त्यांच्याकडे जाऊन आलेले आईबाप मला सांगतात, “साहेब, तिकडं पावसाळाभर धो धो पाऊस, अन् एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघायची!”

गोष्ट खरी आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार तीव्र. चार महिन्यांचे पाणी बघता बघता खाडीला मिळते. पनवेल शहराचे गाढी नदीवरचे देहरंग धरण मुळात लहान, त्यात गाळाने भरलेले. शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या वाड्यांवर तर बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा उन्हाळ्यात उतरत नाही.

याच कर्जत भागात पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी येत आले आहेत. तिथे १९८५ साली ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे ‘सी-तारा’ हे केंद्र निघाले. प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांच्यासारख्या शिक्षकांनी पोरांना वर्गाबाहेर काढले. ही पोरं गावात मुक्काम करतात, विहिरींची पातळी मोजतात, नळयोजनेची कागदपत्रे तपासतात. योजना कागदावर पूर्ण, मग शेवटच्या वाडीला पाणी का नाही? पाइपचा व्यास कमी पडला, की वीजबिल थकले, की वरच्या गावाने व्हॉल्व्ह फिरवला? उत्तर सापडले की ते आकड्यांसह सरकारी अधिकाऱ्यांपुढे ठेवायचे. धोरण म्हणजे काय, हे त्यांना असे कळते.

ही पद्धत एका तालुक्यापुरती राहिली नाही. २०१६ साली राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ हाती घेऊन इतर महाविद्यालयांनाही या कामात आणले. २०१८ साली पंधरा जिल्ह्यांत सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आयआयटीनेच बसवून दिली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती मुरला, पिकाला किती लागणार, असा तो हिशेब.

आता आपल्या घरचा हिशेब बघू. पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाला वर्षाला साधारण एक कोटी लिटर पाणी लागते. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाला वर्षाला दोन कोटी लिटर पुरते. म्हणजे दोन एकर ऊस आणि एक अख्खे गाव बरोबरीला! ऊस लावू नका, असे मी ऊसविकास अधिकारी कशाला म्हणेन? पण ठिबक केले तर यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाचते, एवढे जरूर सांगेन.

एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी आले होते. एका सभासदाला त्यांनी बोअर किती म्हणून विचारले. त्यांनी दोन सांगितले. होते पाच. मी शेजारीच उभा होतो, पण भीड पडली आणि गप्प राहिलो. मग इतरांनीही तसेच आकडे दिले. पोरांच्या अहवालात गावाला पाणी मुबलक ठरले. त्या भरवशावर लावणी वाढली आणि पुढच्या मे महिन्यात खोडवा डोळ्यांदेखत वाळला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

वार्षिक सभेत आपण कारखान्याच्या ताळेबंदातला पै-पैचा जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. मग गावाच्या पाण्याचा ताळेबंद कोण विचारणार?

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी वहीत लिहा. आणि पुढच्या हंगामात कृषिदूत-कृषिकन्या दारात आल्या, की चहा पाजा, पण आकडा मात्र खरा सांगा. पोरं शिकतील, आणि त्यांच्याबरोबर आपणही शिकू.

आपला,
ऊसविकास अधिकारी