मणक्यांचा दाहक संधिवात : ओळख आणि उपचार

कंबरदुखी ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याआड दडलेला निराळा आजार अनेकदा वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा असाच एक आजार होय. यात माकडहाडाच्या वरील त्रिकास्थी व कटीची हाडे यांना जोडणाऱ्या सांध्यांत प्रथम दाह होतो. पुढे तो मणक्यांच्या अस्थिबंधांकडे सरकतो आणि दाहाच्या जागी नवीन हाड तयार होऊ लागते. अखेरीस काही रुग्णांचा कणा वेळूच्या कांडीसारखा एकसंध व ताठ होतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने अशाच एका सांगाड्याचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणजे हा आजार आधुनिक राहणीची देणगी नव्हे.

झिजेमुळे होणारी कंबरदुखी श्रमाने वाढते व विश्रांतीने थांबते. दाहक कंबरदुखीचे वर्तन नेमके उलट असते. ती बहुधा चाळिशीच्या आत, नकळत सुरू होते आणि तीन महिन्यांहून अधिक टिकते. उत्तररात्री वेदनेने जाग येते, सकाळी अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक काळ अंग आखडलेले राहते आणि हालचाल केल्यावर बरे वाटते. वेदना कधी एका, तर कधी दुसऱ्या कुल्ल्यात जाणवते. त्यामुळे 'सायटिका' किंवा 'मणक्यात गॅप' असे लेबल लागून रुग्णाला सक्तीची विश्रांती सांगितली जाते. या आजारात हा सल्ला अपायकारकच ठरतो. टाचेचे दुखणे, गुडघा वा घोटा सुजणे आणि एका डोळ्याला अचानक येणारी वेदनायुक्त लाली हीही लक्षणे आढळतात. अशा डोळ्यावर त्वरित उपचार न झाल्यास दृष्टीला धोका संभवतो. हा केवळ पुरुषांचा आजार आहे, ही जुनी समजूतही आता टिकलेली नाही.

निदान एकाच चाचणीवर होत नाही. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ साली स्पष्ट झाला. तथापि हे जनुक असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना आजार कधीच होत नाही. रक्तातील ईएसआर व सीआरपी सामान्य असले तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. क्ष-किरण चित्रात बदल दिसण्यास अनेक वर्षे लागतात. एमआरआय तपासणीत मात्र सांध्यालगतच्या हाडातील दाह आधीच दिसू शकतो. कण्याची लवचिकता मोजण्यास साधी टेप पुरते. कमरेवर १५ सेंटिमीटरचे अंतर आखून रुग्णास पुढे वाकवल्यास ते किमान ५ सेंटिमीटरने वाढावयास हवे.

उपचारांत नियमित व्यायामाला औषधाइतकेच स्थान आहे. धूम्रपान सोडणे आवश्यक असते. औषधांपैकी नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन यांसारखी दाहशामके प्रथम दिली जातात; पोट व मूत्रपिंडावरील त्यांचे परिणाम पाहता ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत. सल्फासॅलॅझिन हातापायांच्या सांध्यांना उपयोगी पडते, कण्याला नाही. तोंडाने दीर्घकाळ स्टेरॉइड घेणेही येथे समर्थनीय नाही. दोन दाहशामके पुरेशी वापरूनही आराम न पडल्यास जैविक औषधांचा विचार होतो. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला रोखणाऱ्या औषधांनी या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. २०१४ पासून भारतात अडॅलिमुमॅबचा स्वदेशी जैवसमरूपही मिळू लागला. तरीही खर्चाचा भार अनेक कुटुंबांना पेलवत नाही. शिवाय ही औषधे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा करू शकतात. म्हणून भारतासारख्या देशात क्षयरोगाची तपासणी केल्याविना ती सुरू करणे अक्षम्य ठरते.

कणा ताठ झालेल्या रुग्णाने आणखी एक धोका जाणून घ्यावा. असा कणा मजबूत नसून ठिसूळ असतो. किरकोळ पडण्यानंतरही मानेत वा पाठीत नवी वेदना सुरू झाली, तर ती अस्थिभंगाची समजावी. साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही तरी सीटी स्कॅन करून घ्यावा आणि तोवर मान नेहमीच्या स्थितीतच आधार देऊन ठेवावी, सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.