आठव्या दिवशी पुढे, हजाराव्या डावाला मागे

गेल्या भागात तिर्रटीची नाल पाहिली. चार सारखेच तरबेज गडी रात्रभर बसले, तरी सकाळी चौघांच्या खिशात मिळून कमीच पैसे उरतात. फरक नाल म्हणून अड्डेवाल्याकडे गेलेला असतो. पोकरचंही तेच. पण तिथे कसबाचा प्रश्न मध्ये येतो, म्हणून आज मटका घेऊ. त्यात कसब शून्य, त्यामुळे हिशेब स्वच्छ निघतो.

1962 साली कल्याणजी भगत यांनी मुंबईत सुरू केलेला हा आकडा देवणी-उदगीरपर्यंत कधीच पोचला. 1887चा जुगार कायदा आहे, तरी चिठ्ठी फाडली जातेच. तीन पानांची बेरीज करायची, शेवटचा अंक तो ओपन; पुन्हा तीन पानं, तो क्लोज. तीन पानांच्या अशा जुळण्या, म्हणजे पत्त्या, एकूण 220; प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर 22. म्हणजे खेळ सरळ असला तर तुमचा अंक लागण्याची शक्यता दहात एक. भाव मात्र एकाला नऊ. दहा रुपयांमागे सरासरी एक रुपया गेला.

एवढं साधं आहे, तर माणूस सावध का होत नाही? कारण सुरुवात फसवी असते. समजा शंभर जणांनी रोज दहा रुपयांचा एकच अंक असा आठ दिवस लावला. आठही दिवस कोरडे जाण्याची शक्यता 0.9 चा आठवा घात, म्हणजे साधारण 43 टक्के. उरलेले 57 जण नफ्यात! ऐंशी घालून किमान नव्वद हातात. बुकीला वेगळी जाहिरात लागतच नाही, हे 57 जण चहाच्या टपरीवर ती फुकट करतात. त्याचं काय जातं? जमा 8000, वाटप सरासरी 7200.

आता खेळ लांबवा. शंभर डावांनंतर सुमारे 70 जण तोट्यात. रोज ओपन-क्लोज धरून दीडेक वर्षात हजार डाव होतात, तेव्हा 89. डाव शंभरपट झाले की सरासरी तोटाही शंभरपट होतो, पण नशिबाचा चढउतार वर्गमुळाने, म्हणजे दहापटच वाढतो. तोट्याला झाकायला नशीब पुरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं : ‘हरलं की दुप्पट लावायचं, कधीतरी लागतंच.’ लागतं, खरंय. पण सलग दहा डाव कोरडे जाण्याची शक्यता 35 टक्के आहे. दहापासून दुप्पट करत गेलेल्याचे तोवर 10,230 रुपये गेलेले असतात आणि अकराव्या डावाला 10,240 लागतात. बुकीला घाई नसते. त्याची थैली मोठी असते.

पुढच्या भागात पोकर : नाल भरूनही वर राहायचं तर इतरांपेक्षा किती सरस खेळावं लागतं, ते मोजू.