शंभर टनांचे पाऊल

१९९५ साली आलेल्या ‘मेकवॉरियर २’ या संगणकीय खेळात तुम्ही दोन पायांच्या लढाऊ यंत्रात बसता. मारा सतत चालू ठेवला, की यंत्र तापून बंद पडते. हे विज्ञानाला धरूनच आहे. वापरलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होतोच.

उणीव आहे ती पायांखाली. सर्वांत जड यंत्र १०० टनांचे! चालताना सारा भार एका पावलावर येतो. पाऊल २ चौरस मीटरचे धरले, तरी दर चौरस सेंटिमीटरवर ५ किलोग्रॅम भार पडेल. माणसाचा अर्धा किलोग्रॅमच्या आसपास असतो. तरी पावसाळ्यात यावलच्या काळ्या मातीत आपला पाय रुततो. खेळातले यंत्र मात्र बिनदिक्कत धावते!

चौकटींच्या कागदावर पाऊल आखा आणि स्वतःचा भार काढून पाहा.