नऊ कोटी नव्वद लाख वर्षांची सोंड

एकाच शोधनिबंधात ५२ नव्या जाती! एक नाही, दोन नाही, बावन्न! आणि सगळ्या सोंड्या भुंग्यांच्या. तांदळात सोंडे होतात, नारळाला लाल सोंड्या भुंगा पोखरतो, त्यांच्याच खानदानातले हे किडे. फक्त हे म्यानमारच्या हुकाँग खोऱ्यातल्या अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेत, अडकून बसलेले. डेव्ह क्लार्क, अजय लिमये, ड्युएन मॅकेना आणि रॉल्फ ओबरप्रीलर या चौघांनी २०१९ साली त्यांची वर्णनं छापली. नावं परत वाचा. लिमये! सीटी स्कॅनच्या चकत्या जोडून वस्तूचं त्रिमितीय रूप पडद्यावर उभं करणारं 'दृष्टी' हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत तयार झालं, ते त्यांच्याच हातून. आपलं आडनाव त्या निबंधावर पाहून मला तर फार भारी वाटलं.

आता वय. ९ कोटी ९० लाख वर्षं! ते कसं काढलं हे शास्त्रज्ञांवर सोपवू. आपण पैशांत मोजू, एका वर्षाला एक रुपया. रुपयाचं नाणं १.४५ मिलिमीटर जाड. मुंबईत पहिलं नाणं ठेवायचं आणि आडवी चळत पुण्याच्या दिशेने वाढवत न्यायची.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर बसले. तिथपर्यंत चळत वीतभरही होत नाही. शिवराज्याभिषेक, १६७४? हातभर आणि वर चार बोटं. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर येऊन झाली साधारण ३ लाख वर्षं, त्यांची नाणी भरली ४३५ मीटर. संपला माणूस! अजून मुंबईतली पहिली गल्लीसुद्धा ओलांडली नाही आणि सगळी साम्राज्यं, सगळ्या लढाया, सगळी शेती मागे पडली. पुढे नाणीच नाणी. ७५ किलोमीटरवर, खोपोलीच्या आसपास, सुरतजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं अंबर भेटतं, ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचं. आपल्या शेजारच्या त्या अंबरातून ७०० हून जास्त कीटक-कोळी निघालेत! थांबायचं नाही. ९६ किलोमीटर, लोणावळा आलं, आणि इथे दख्खनचा लाव्हा वाहतोय! बोरघाटाचा काळा कातळ, पन्हाळ्याचा कडा, कोल्हापूरच्या विहिरी फोडताना सुरुंगाला दाद न देणारा दगड, सगळा इथला. भुंगा अजून पुढेच. तळेगाव मागे टाकलं, १२७ किलोमीटर झाले, भारत मादागास्करपासून तुटतोय. भुंगा अजून पुढे! १४३ किलोमीटर, पिंपरी-चिंचवड, आणि तिथे कुठे ती राळ ओघळताना दिसते. नाण्यांचं नुसतं वजन ३७५ टन, दहा टनी ट्रक ३८ लागतील.

म्हणजे पन्हाळा ज्या लाव्ह्याचा झाला तो अजून जमिनीच्या पोटात होता, तेव्हा हा किडा मरून ३ कोटी ३० लाख वर्षं झाली होती. मी हे वाक्य दोनदा तपासलं. आकडा तोच!

आणि एवढ्या काळातून आलं कोण? तीन मिलिमीटरचा जीव. समजा तो माणसाएवढा केला, तर साडेपाचशे पटींहून मोठा करावा लागेल. त्याच हिशेबाने दोन सेंटीमीटरचा राळेचा थेंब होतो ३७ फुटांचा. सहा परस विहीर, काठोकाठ चिकट राळेने भरलेली, आणि तळाशी एकटा माणूस!

त्या विहिरीतून तो बाहेर आलाय मात्र जसाच्या तसा. लांबलचक सोंड. सोंडेच्या बाजूंना कोपरात मोडल्यासारख्या वाकलेल्या मिशा. सोंडेच्या टोकाशी जबडा, आणि जबड्याचे दात बाहेरच्या अंगाला. पहिल्यावहिल्या फुलांना किंवा बियांना भोकं पाडून त्यात अंडी घालायला ही हत्यारं असावीत, असं या संशोधकांचं म्हणणं. तांदूळ पाखडताना सुपात एखादा सोंडा सापडला तर भिंग धरून बघा, तसल्याच वाकड्या मिशा! त्याची मादीही सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते आणि भोक लिंपून टाकते.

आज सोंड्या भुंग्यांच्या ६२ हजार जातींची नोंद आहे. जातीला एक प्रवासी धरून कोल्हापूर स्टेशनात गाड्या लावू. ७२ बर्थचे २० डबे, गाडीला १,४४० जण. जगातले सगळे सस्तन प्राणी, वाघ-हत्ती-वटवाघळं धरून, साडेचार गाड्यांत बसले. सगळे पक्षी आठ गाड्यांत. सोंड्यांना लागल्या ४३ गाड्या! अंबरातल्या त्या ५२ जाती अख्ख्या गाडीत नाही, एका डब्यात मावतात, वर २० बर्थ रिकामे. पण त्यातल्या बहुतेकांचं मेसोफायलेटिडी हे कुळच आज उरलेलं नाही. सगळा डबा गेला.

भाऊबंद मात्र वाढत राहिले. वर्षाला एकच पिढी धरली तरी तेव्हापासून ९ कोटी ९० लाख पिढ्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची, त्याला एवढ्या पिढ्या गाठायला २४७ कोटी वर्षं लागतील, पृथ्वीच्या वयाच्या निम्म्याहून जास्त! आणि तांदळातले सोंडे वर्षाला एका पिढीवर थांबतात कुठे? उबदार हवेत महिन्या-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार. धरा वर्षाला दहा. झाल्या ९९ कोटी पिढ्या! माणसाला त्या भरायला हवीत २,४७५ कोटी वर्षं, आणि विश्वाचं सगळं वय आहे १,३८० कोटी. विश्वाच्या पहिल्या क्षणापासून पिढ्या मोजायला बसलो असतो, तरी आज आपण निम्म्याच्या जेमतेम पुढे असतो!